कोटाच्या आतले बाबा

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी चित्रं काढायला शिकतेय, तेही मोबाइलवर बघून. अमरावतीच्या खोलीवर ऑफिसातून आले की कुकर लावते आणि वही उघडते. शिकवणारी बाई महा खडूस. पात्र काढायचं तर आधी त्याची आखणी करा म्हणते. समोरून कसं दिसतं, बाजूनं कसं, पाठमोरं कसं. नाक-डोळे सगळ्यात शेवटी, आधी माणूस उभा कसा राहतो ते ठरवा.

त्या ऑनलाइन वर्गातल्या बाकीच्यांनी राजकन्या घेतल्या, राक्षस घेतले. मी बाबा घेतले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेल्हाऱ्याजवळ आमचा भाजीचा मळा, तिथे मी त्यांना जन्मभर पाहिलेलं. मला वाटलं, हे तर डोळे मिटून काढता येईल. कसलं काय! डोळे मिटले की भिंतीवरचा फोटोच समोर यायचा.

त्या फोटोचं सांगायलाच हवं. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीच्या आत त्याचा फोटो भिंतीवर लागावा लागतो. बाबांचा बरा फोटो एकच, आधार कार्डावरचा. अकोल्याच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि विचारलं, "ताई, कोट लावू का जॅकेट?" त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गळ्याखालची माणसं तयारच होती. मी कोट म्हटलं. चार लोक येतील, बाबा रुबाबदार दिसावेत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. जन्मभर बंडीत वावरलेल्या माणसाला मी काळा कोट चढवला. वर त्याची एक प्रत अमरावतीलाही लावली आणि रोज तिला नमस्कार करत राहिले.

तोच फोटो समोर ठेवून मी आखणी केली. खांदे सरळ, छाती पुढे, हात शिस्तीत खाली. दिसायला छान झालं. शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली, अकोल्याहून एसटीनं घरी गेले आणि वही आईपुढे धरली. ती ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होती.

"हा कोण होय वं?"

"बाबा."

तिनं वही लांब धरली, जवळ धरली. "तोंड त्याइचं हाये. आंग कोनाचं लावलं?"

मला राग आला. आठ दिवस मान मोडून काढलेलं चित्र, आणि हिचं हे बोलणं! "मग तूच सांग ना, कसे उभे राहायचे ते."

खरं तर राग तिचा नव्हताच. मला आठवत नव्हतं. माझे बाबा कसे उभे राहायचे हे मला आठवत नव्हतं, आणि त्याची मला इतकी भीती वाटत होती की आठ दिवस मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

"मले सांगता नाई येत," आई म्हणाली. हातातली जुडी खाली ठेवून ती उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. सगळा भार उजव्या पायावर. उजवा हात मागे, कमरेवर. वांग्याचं डालं वाहून वाहून बाबांचा डावा खांदा उतरलेला होता, तसाच तिनं आपला उतरवला. हनुवटी वर करून, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी आलंय का असं बघितलं.

आणि बाबा आले. लुगडं नेसलेले, पण बाबाच. मला रडूच फुटलं.

"रडून काय राहिली? काढ ना!"

मी समोरून काढलं. मग बाजूनं. मग ती पाठमोरी झाली. चाळीस वर्षं ती या माणसाच्या मागे मळ्यात चालली होती, पाठ तर तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. पेन्सिल कुठेच अडली नाही. चित्र पुरं झालं, तरी मी वही मिटली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं न वळताच विचारलं, "झालं काय वं?"

"नाही," मी खोटंच म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि डावा खांदा आणखी जरासा खाली केला.