सुनेची चूक आणि माझा जळफळाट

माझी सून तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. औंदा तिच्या हातून साखर उतरवायचं इंजेक्शन भलत्याच म्हातारीला गेलं. झालं असं, की त्या म्हातारीच्या खाटेवर पाय दक्षिणेला येत होते. आमच्यात तसं मढं निजवतात. म्हणून म्हातारीनं समोरच्या रांगेतल्या साखरवाल्या बाईशी गुपचूप खाट बदलली. ती बाई म्हणाली, ‘‘मला काय, यम कुठूनबी येतो.’’ सुनेनं खाटेचा नंबर बघितला, ‘‘आजी, दंड पुढं करा’’ म्हणाली, अन् सुई दिली.

म्हातारीला दरदरून घाम फुटला, मान टाकली. सुनेच्याच ध्यानात आलं. तिनंच डॉक्टरला बोलावलं, तिनंच खरं सांगितलं. सलाईन लावून म्हातारी वाचवली.

तेव्हापासून सून अंथरूण सोडीना. म्हणायची, ‘‘मला आता सुई धरवत न्हाई.’’ पोरगा तिला घास भरवू लागला. दवाखान्यातली मोठी सिस्टर घरी येऊन म्हणाली, ‘‘माझ्याबी हातून झालतं बाई. तू लपवलं न्हाईस ना? मग ये कामावर.’’ शेजारणी तिच्या केसाला तेल लावून जायच्या.

मी ओसरीवरून हे सगळं बघायचो अन् जळायचो. माझी बायको गेली तिला अजून वर्ष नाही झालं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. ती गेल्यावर मुकादम म्हणाला, ‘‘बाबा, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?’’ तेराव्याचं जेवले अन् लोक आपापल्या वाटेला लागले. माझ्या डोक्याला तेल कोण लावणार?

शेवटी पोरगा म्हणाला, ‘‘आबा, तुमी जा तिच्यासंग दवाखान्यात.’’

‘‘कावून? माझी गेली तवा माझ्यासंग कोण आलतं रं?’’

सूनच म्हणाली, ‘‘चला आबा. म्हातारी अजून तिथंच हाय. तिच्या मालकापुढं एकटीला जायला भ्या वाटतंय.’’

जीपनं गेलो. म्हातारा बायकोला दुधात भाकर कुस्करून चारत होता, वर खेकसत होता. ‘‘खा की! मरायबी नीट जमलं न्हाई तुला.’’ ती हसत खात होती. मी तोंड फिरवलं.

सुनेला बघून तो म्हणाला, ‘‘आली का? आज कुणाचा नंबर?’’

‘‘आजोबा, नाव विचारायचं सोडून मी खाट बघितली. चूक माझीच.’’

म्हातारी म्हणाली, ‘‘खाट तर मीच बदलली की गं माय.’’

‘‘तरीबी विचारायचं काम माझं होतं.’’

म्हातारा माझ्याकडं वळला. ‘‘तुमच्या मालकिणीला असली सुई दिली असती म्हंजे?’’

‘‘मालकीण न्हाई मला. तुमची समोर बसून खातीय. तुमाला खेकसायला तरी कुणी हाय.’’

म्हातारा बाकावर जरा सरकला.

म्हातारीच्या नेहमीच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. मोठ्या सिस्टरनं ट्रे सुनेपुढं धरला. सुनेनं आधी हात मागं घेतला. मग ट्रे घेतला. ‘‘आजी, पूर्ण नाव सांगा.’’

म्हातारीनं स्वतःचं सांगितलं अन् अडली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? त्याच्याकडं बघून पदर तोंडाला लावला. तो चिडून म्हणाला, ‘‘साठी उलटली तरी लाजती!’’ अन् त्यानंच आपलं नाव सांगितलं, आडनावासकट. सुनेनं ते कागदाशी ताडून बघितलं. तिनं दम घेतला, अन् सुई दिली.

म्हातारा मला म्हणाला, ‘‘बसा की.’’ मी बसलो नाही. त्या दोघांपाशी बसणं मला झेपलं नसतं. दारातून बघितलं तर सून पुढच्या खाटेपाशी नाव विचारत होती. तिचं बरं झालं. मी एकटाच जीपच्या अड्ड्यावर आलो. जळत होतो, अजून जळतो.