चौदावा पाठ

आमच्या वहिनीने अकरा वर्षं औषधाच्या दुकानात काढली आणि तेवढ्या काळात कुठल्याही विद्यापीठात न शिकवली जाणारी एक विद्या कमावली. डॉक्टरांचं अक्षर वाचण्याची. खुद्द डॉक्टरांना आपण काय लिहिलंय ते लागेना, की ते दुकानात फोन करायचे. वहिनी चिठ्ठी उजेडात धरून सांगायची, "जेवणानंतर दोन, आणि तुम्ही सही विसरलात."

तिला दुसरी एक खोड होती. गिऱ्हाइकाने "ही गोळी कशासाठी हो?" एवढं विचारायचा अवकाश, ती पाकिटावर पोटाचं चित्र काढून समजावायला लागायची. मागची रांग दाराबाहेर जायची. शेवटी मालक म्हणाले, "बाई, आपल्याकडे गोळ्या कमी आणि शिकवणीच जास्त चाललीय." हा टोमणा होता. वहिनीने तो सल्ला समजून घेतला आणि छत्तिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायला कॉलेजात नाव घातलं.

दादा म्हणाला, "घरात मी चौदा वर्षं मुकाट्याने ऐकतोय. याचंच प्रमाणपत्र देत असतील तर विचार."

शेवटचा टप्पा सराव पाठांचा. एका शाळेत जाऊन सातवी 'ब'ला वीस पाठ शिकवायचे. प्रत्येक पाठाचं निरीक्षणपत्र त्या शाळेच्या मार्गदर्शक बाईंनी भरायचं. वीसपैकी एकावर जरी 'असमाधानकारक' असा शेरा आला तर अख्खं वर्ष पुन्हा. दुकानातल्या जागेवर दुसरी मुलगी लागली होती. घरातल्या पैशांत आणखी एक वर्ष बसत नव्हतं. म्हणजे पास व्हायचं, नाहीतर घरी बसून दादाला शिकवायचं.

मार्गदर्शक बाईंना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणायची. उंचीने म्हणाल तर फळ्याची वरची कड पुसायला त्यांना स्टूल लागायचं. पण त्या व्हरांड्यातून निघाल्या की एकामागून एक वर्ग गप्प होत जायचे. चपलांचा आवाज नाही, हातात छडी नाही. नुसत्या चालायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी वहिनीला वर्ग दाखवला आणि म्हणाल्या, "मी काही रोज मागे येऊन बसणार नाही. मला माझी कामं आहेत." मग कागदांचा गठ्ठा पुढे केला. "हा ऑफिसात देऊन शिक्के मारून आणा."

कारकुनाने डोळे झाकून वीस शिक्के मारले. त्याला आतलं मोठ्या बाईंचं अक्षर दिसलं तरी वाचता येणार नव्हतंच. वहिनीला मात्र जिना चढताचढता लागायला लागलं.

ती तिचीच निरीक्षणपत्रं होती. पुढच्या तीन आठवड्यांच्या तारखा घालून भरून ठेवलेली. पाठ पहिला: 'आवाज लहान. मुलं अजून बिचकून आहेत तोवर ठीक.' पाचवा: 'हसते फार.' नववा: 'मुलांनी जोखली.' चौदावा: 'वर्ग हातातून गेला. असमाधानकारक.'

पंधरा ते वीस कोरे होते.

वहिनी परत गेली. अकरा वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेली बाई. गोड आवाजात म्हणाली, "बाई, हे आधीच भरलंय की."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "तुम्हाला वाचता येतं?"

"येतं."

"आजवर कोणाला आलं नव्हतं." त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. "हे बघा, पहिला आठवडा पोरं घाबरतात, दुसरा आठवडा तुम्हाला बघतात, तिसऱ्यात तुम्हाला खिशात घालतात. चौदाव्याला वर्ग फुटतोच. तीस वर्षं बघतेय."

"मग मागच्या वर्षीचे?"

"विमा विकतात आता. चांगलं चाललंय."

"पण बाई, तुम्ही आधीच पाडलंत तर..."

"मी पाडत नाही हो. माणसं पडतात. मी फक्त वेळेत लिहून ठेवते. आणि चौदाव्याला येते ना मी, मागे बसायला. खात्री करायला."

घरी हे ऐकून मी म्हणालो, "वहिनी, कॉलेजात तक्रार कर. कागदच दाखव."

"भावजी, कोणाला वाचून दाखवू? ते अक्षर जगात दोघींना लागतं. एक ती आणि एक मी. कॉलेज तर ती तोंडी सांगेल तेच धरतं."

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. दादा रोज संध्याकाळी विचारायचा, "काय, आज तुझ्या पत्रिकेत काय लिहिलंय?" पण पाचव्या दिवशी वहिनी न हसायचं ठरवून गेली आणि एका पोराने खडू म्हणून चुकून पेपरमिंटची गोळी दिली तेव्हा खो खो हसून आली. नवव्या दिवशी फळ्याकडे वळली तर पाठीमागे तिच्याच आवाजाची हुबेहूब नक्कल झाली. त्यानंतर दादाने विचारणं बंद केलं.

वर्ग तसा वाईट नव्हता. बत्तीस पोरं. त्यात पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला बाकीची 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. पाठ सुरू व्हायच्या आत हिचा हात वर. "बाई, मग माशांना तहान लागते का?" वहिनीला ती पोर फार आवडायची. घरी येऊन आम्हाला तिचे प्रश्न सांगायची आणि वर म्हणायची, "अशा एकीसाठी तरी दुकान सोडल्याचं सार्थक झालं."

अकराव्या पाठानंतर तिने प्रश्न सांगणं सोडलं. पाठाचं टाचण तीनतीनदा लिहायची. एकदा म्हणाली, "भावजी, त्या पोरांना कळलंय. ती माझ्याकडे बघतात ना, तेव्हा तारीख मोजत असतात."

"पोरांना कसं कळेल? पोरांना डबा कधी उघडायचा एवढंच कळतं."

तिने टाचणाचा नवा कागद पुढे ओढला.

चौदावा पाठ तरफेचा होता. प्रत्येकापुढे एक पट्टी, खाली पेन्सिल, टोकावर खोडरबर. दुसऱ्या टोकावर बोट दाबायचं आणि रबर वर येतं ते बघायचं. मोठ्या बाई मागच्या दाराने आल्या. कोणाला कळलंही नाही. शेवटच्या बाकावर बसल्या, गठ्ठा मांडीवर, पेन उघडं.

दहा मिनिटं सगळं नीट चाललं. मग कोणीतरी बोट जरा जोरात दाबलं. एक रबर उडालं आणि छताच्या पंख्याला लागून खाली आलं. पोरं हसली. सातवीतली पोरं हसणार नाहीत तर काय करणार? दुसरं रबर उडालं. वहिनीने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मोठ्या बाई नुसतं घड्याळ बघत होत्या.

तेवढ्यात प्रश्नपत्रिका उभी राहिली. डोळे लकाकत होते. "बाई, पेन्सिल सरकवली तर रबर अजून लांब जाईल ना? कुठे ठेवली की सगळ्यात लांब जाईल?"

वहिनीच्या टाचणात त्या दिवसाचा शेवटचा मुद्दा हाच होता. पोरीने तो पाठाच्या मध्येच आपणहून गाठला होता. पण वहिनीला फक्त हसणं ऐकू येत होतं आणि पोरगी उभी राहिलेली दिसत होती.

ती ओरडली. असा आवाज आपल्यात आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "गप्प! सगळ्यात आधी तू गप्प! रोजची तुझी वटवट, वटवट... भिंतीकडे तोंड कर! आता एक शब्द जरी कोणी काढला ना!"

पोरीने तोंड फिरवलं. तिचे कान लाल झालेले मागच्या बाकापर्यंत दिसत होते. एकतीस पोरांनी पट्ट्या हळूच, आवाज न करता, बाकावर आडव्या ठेवल्या. उरलेली वीस मिनिटं वहिनी एकटी बोलली. पंखा आणि ती, दोनच आवाज.

तास संपला. पोरं रांगेने, पाय न वाजवता बाहेर गेली. मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांनी चौदाव्या पत्रावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वर्ग पूर्ण ताब्यात. उत्तम.' मग तिथेच बसून उरलेली सहाही भरून टाकली. उठताना वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वर्षांत मी पहिल्यांदा खोडलं. तुम्ही टिकाल."

घरी आनंदीआनंद झाला. दादाने शेजारच्यांना सांगितलं, मीही नको तितकं बोललो. वहिनी भांडी आवरत होती. सगळे पांगल्यावर मी विचारलं, "त्या पोरीचं काय? उद्या चुचकारशील ना तिला?"

"बघू."

"बघू काय, अगं, तुझी लाडकी ना ती?"

तिने हात पुसले. "भावजी, एक सांगते, तुमच्या दादाला बोलू नका. मी ओरडले आणि बत्तीस पोरं एका क्षणात गप्प झाली ना, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं."

"मग?"

"बरं वाटलं हो. फार बरं वाटलं."

वहिनीने पंधराव्या पाठाचं टाचण पुढे ओढलं. डावीकडे रकाना 'शिक्षक काय करतील', उजवीकडे 'विद्यार्थी काय करतील'. डावा रकाना तिने सावकाश, विचार करून भरला. उजव्याला वेळ लागला नाही. वरपासून खालपर्यंत, सुवाच्य अक्षरात, ती एकच शब्द लिहीत गेली: ऐकतील. ऐकतील. ऐकतील.