अक्काच्या भुवया

माझ्या अक्काच्या भुवया मी उपटल्या. बाकी काही सांगायच्या आधी हे सांगून टाकते. नाहीतर माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि नेमकं तेवढंच गाळेन. सत्तर वर्षं तेच करत आले.

लातूरला आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. राज्य निजामाचं, म्हणून कचेरीत उर्दू, घरी मराठी, आणि राग आला की दोन्ही. अक्का माझी थोरली बहीण, पंधरा सरून सोळावं लागलेली. मी बारा वर्षांची. अक्का लई हुशार. मिडलच्या सरकारी परीक्षेला बसायची तयारी करत होती, आणि आमच्या गल्लीतून तोवर एकही मुलगी मिडलला बसलेली नव्हती. मी मात्र त्या वर्षी पार कामातून गेले होते. कशानं म्हणाल, तर सिनेमानं.

जत्रेला तंबूचा सिनेमा आला आणि जत्रा उठली तरी तो उठलाच नाही. बायकांना बसायला एका बाजूला कनातीआड जागा केलेली; अंधार झाला की कनात सरकवायचे, दिवे लागायच्या आत परत ओढायचे. खेळ एका संताचा होता म्हणून आईनं आम्हाला नेलं. तिनं आत शिरताना चपला बाहेर काढल्या होत्या. संत भजन करत होता आणि त्याची बायको जात्यावर दळत होती. मला संत दिसलाच नाही. मला दिसल्या त्या बाईच्या भुवया. बारीक, कमानदार, दोऱ्यानं आखल्यासारख्या. फाटकं लुगडं, घरात दाणा नाही, नवऱ्याचं लक्ष नाही, आणि भुवया अशा! त्या कुणी कोरल्या, कधी कोरल्या, हे त्या भरल्या तंबूत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

तंबूबाहेर त्या खेळाच्या गाण्यांचं पुस्तक मिळायचं. वर तिचा चेहरा छापलेला. एका मैत्रिणीकडे ते होतं. माझ्या सहा हिरव्या बांगड्या देऊन मी ते घेतलं आणि भूगोलाच्या पुस्तकात दडवलं. मग काय विचारता! शाळेच्या वाटेवर एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली आम्ही चौघी-पाचजणी जाताना भांग वाकडा करायचो आणि येताना त्याच झाडाखाली सरळ करायचो. ती कसली साडी नेसते, काय खाते, सगळं आम्हाला ठाऊक होतं, कारण सगळं आम्हीच ठरवलेलं होतं. ती रोज दुधानं तोंड धुते असं एकीनं सांगितलं. मी घरातलं वाटीभर दूध चोरून तोंडाला चोळलं, तर दिवसभर मांजर माझी पाठ सोडेना.

अक्का हसायची. ‘तुझी ती बाई तुला वळखती का गं?’ असं विचारायची. मला राग यायचा. हिला काय कळतंय, असं वाटायचं. अक्काला खरंच त्यातलं काही नको होतं. तिला काय हवं होतं ते त्या उन्हाळ्यात नांदेडहून आलेल्या पत्रात होतं.

पत्र मावशीचं होतं. नांदेडला एका शाळेत मास्तर असलेला मुलगा, आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला. त्याचं म्हणणं असं की, मुलगी शिकलेली हवी आणि लग्नानंतरही शिकणारी हवी. पुढं तिनं मास्तरीण व्हावं. अक्कानं ते पत्र आईच्या हातून घेऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत येऊन आणखी एकदा. ‘शिकू देणार हाईत गं,’ मला म्हणाली. मुलगा दिसायला कसा आहे, हे तिनं शेवटपर्यंत कुणाला विचारलं नाही.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी शेजारच्या काकू बोलून गेल्या, ‘पोरगी सोन्यावानी हाय, पण भुवया जुळल्यात बघा. नजरंत भरतंय.’ अक्काच्या भुवया दाट होत्या आणि मधे एकमेकींना मिळालेल्या. तोवर त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र अक्का दोनदा आरशात बघताना मला दिसली. आणि मी बाई तयारच बसले होते.

‘मधलेच काढते,’ मी म्हणाले. ‘कुणाला कळणारबी न्हाई.’

पाहुणे सकाळी यायचे, त्याच्या आदला दिवस. दुपारी आई शेजारी शेवया करायला गेली. घरात काटे काढायचा चिमटा होता, तो घेतला. केस निसटू नयेत म्हणून चुलीतली राख चिमटीत घेतली. भूगोलातून ते पुस्तक काढून समोर भिंतीला टेकवून ठेवलं. अक्का माझ्यापुढं मांडी घालून बसली आणि तिनं डोळे मिटले.

मधले केस निघाले आणि खरंच छान दिसलं. इथं थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते. अक्का म्हणालीच, ‘बास झालं.’ मी म्हणाले, ‘थांब गं, जरा बारीक करते.’ डावी बारीक केली तर उजवी जाड दिसायला लागली. उजवी केली तर डावी. अक्काच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती हलत नव्हती. ‘किती ऱ्हायलं?’ विचारायची. ‘थोडंसंच,’ मी म्हणायची. खरं सांगते, मला समोर अक्का दिसतच नव्हती. मी त्या भिंतीजवळच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि हात चालत होता. भानावर आले तेव्हा डावीकडे सात-आठ केस उरले होते आणि उजवीकडे तेवढेही नाहीत.

अक्कानं आरसा घेतला. ओरडली नाही, मला मारलंही नाही. ‘अगं, हे काय केलंस?’ एवढंच म्हणाली, तेही हळू. मला रडू फुटलं, तर उलट तिनंच माझं तोंड पुसलं. अशी माझी अक्का.

संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून ती कपाळाला फडकं बांधून निजली. सकाळी मी काजळानं भुवया काढून दिल्या. बारीक, कमानदार. आई शिरा भाजत होती. तिनं एकदा मान वर करून पाहिलं. ‘आज कशी येगळीच दिसाय लागलीस गं तू,’ म्हणाली आणि पुन्हा कढईत घातलं डोकं. कामाच्या घाईत तिचं लक्ष गेलं नाही, आणि मला वाटलं, सुटलो दोघी.

पाहुणे नांदेडहून अहमदपूरमार्गे मोटारीनं आले. मुलगा, त्याचे चुलते आणि आत्या. वैशाखाचं ऊन, पत्र्याची खोली, सगळे घामाघूम. मुलानं एक पुस्तक बरोबर आणलं होतं. ते अक्कापुढं धरून त्यानं एक उतारा वाचायला सांगितला. अक्कानं तो असा वाचला की अण्णासुद्धा ताठ बसले. मुलगा म्हणाला, ‘छान वाचता तुम्ही.’ अहो-जाहो! मी दाराआडून बघत होते.

मग आत्यांनी तिला जवळ बोलावलं, कुंकू लावायला. बाई वाईट नव्हत्या हो. अक्काचं कपाळ घामानं डबडबलेलं पाहून त्यांना मायाच आली. ‘किती घाबरलीस गं पोरी,’ म्हणाल्या आणि आपल्या पदरानं त्यांनी तिचं कपाळ पुसलं. पदराबरोबर डावी भुवई गेली.

त्यांनी पदराकडे पाहिलं. मग अक्काच्या तोंडाकडे. मग हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं. ‘ह्ये सिनेमातलं खूळ हाय व्हय?’  शिरा तसाच राहिला. उठताना आईला म्हणाल्या, ‘मास्तराचं घर हाय बाई आमचं. असली शौकीन पोर आमाला न्हाई झेपायची.’ मुलगा दारात जरा थांबला, अक्काकडे त्यानं एकदा बघितलं. पुस्तक काखेत मारून तोही गेला.

अण्णांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आम्हा दोघींना भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, ‘हे जिनं केलं, तिची शाळा आजपासून बंद. कुणी केलं?’

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं आणि थांबली. बाहेर कुणीतरी शेळीला हाकलत होतं, ते मला अजून ऐकू येतं. मी खाली सारवणात उमटलेली बोटं बघत राहिले.  अक्का थांबली, आणखी थांबली. मग म्हणाली, ‘माझं मीच केलं, अण्णा.’

तिची पुस्तकं माळ्यावर गेली. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते, लाज सोडून सांगते. मला आठवण झाली ती त्या गाण्याच्या पुस्तकाची. ते माझ्या भूगोलात सुखरूप होतं, कुणाला सापडलं नव्हतं, आणि मला हायसं वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

भुवया दीड महिन्यात परत आल्या. नाव परत आलं नाही. गल्लीत तिला ‘सिनेमावाली’ म्हणायला लागले. जिनं उभ्या जन्मात एकच खेळ पाहिला, तोही संताचा, तिला! दोन स्थळं दारातूनच फिरली. वर्षाच्या आत तिला भोकरजवळच्या एका खेड्यात दिलं. शेती चांगली, पण बिजवर, पदरी दोन लेकरं. माणूस सज्जन होता, तिच्यावर कधी हात उगारला नाही. अक्कानं ती लेकरं आपली केली, मग तिची स्वतःचीही झाली. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय ती चुलीत घालायची नाही.

आणि मी? मी शिकले. निजाम गेला, शाळा वाढल्या, मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. कुठं, तर नांदेडलाच. अक्का माहेरी आली की सगळ्यांना सांगायची, ‘आमची धाकटी मास्तरीण हाय.’ प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी मी मूग गिळून बसायची. किती वर्षं मी मनात सगळा दोष त्या सिनेमाच्या बाईवर टाकला. तिला टाकायला सोपं होतं. ती काही उठून भांडायला येणार नव्हती. पण तिनं थोडंच मला गप्प बसायला सांगितलं होतं? चिमटा तिच्या नादानं धरला असेल. तोंड माझं मीच मिटलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक मुलगी वर्गात भुवया कोरून आली. तिच्या आईबापाला बोलवा, असं शाळेतल्या बाकीच्या बाया म्हणायला लागल्या. मी म्हणाले, ‘तिला शिकू द्या हो, तेवढं बास.’ सगळ्या बघतच राहिल्या.

परवा-परवा अक्काच्या नातीचं लग्न नांदेडला झालं. घरभर पोरी आरशापुढं; नटवायला एक मुलगी बोलावलेली. नवरीनं मोबाइल समोर धरलेला, त्यात कुणा नटीचा चेहरा, ‘हिच्यासारख्या भुवया हव्यात.’ अक्का कोपऱ्यात खुर्चीवर. तिच्या भुवया आता वयानं गेल्यात, असून नसल्यासारख्या. त्या नटवणाऱ्या मुलीनं हौसेनं विचारलं, ‘आजी, तुम्हालाबी काढून देऊ का?’

अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘मला हिच्याकडून काढायच्यात. हिचा जुना हात हाय.’

सगळ्या हसल्या. माझ्या हातात पेन्सिल दिली. नात म्हणाली, ‘म्हणजे काय गं आजी? जुना हात कसला?’

 अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. तेच बघणं. ना राग, ना काही. खोलीतल्या सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आता कसली शाळा बंद होणार होती माझी? कोणते अण्णा बसले होते समोर?

‘काही नाही गं,’ मी म्हणाले. ‘लहानपणीचा खेळ आमचा.’

अक्कानं मान हलवली आणि डोळे मिटून तोंड पुढं केलं, त्या दुपारी केलं होतं तसंच. मी डावीकडून सुरुवात केली. 

‘मधी जुळव,’ ती म्हणाली. ‘माझ्या जुळलेल्या हुत्या.’