दोनशे चौदावी ओळ

तळघरातली बाई रोज दुपारी मेलेल्या माणसांचे नंबर पुकारते, अशी त्या इस्पितळात कुजबुज होती. लिफ्टवाल्याने म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बंद दाराआड पंख्यांची घरघर, आणि तिच्यावर तरंगणारा एक नाकातला, जराही न हलणारा आवाज: "दोनशे अकराऽऽ. दुरुस्त." तेव्हापासून तो तळघराचं बटण कोपराने दाबायचा.

खरं एवढंच की बाई होती आणि आवाजही होता. ती माझी आत्या. इस्पितळाचे सर्व्हर सांभाळते आणि त्यांच्या चुकांची यादी मोठ्याने वाचते, कारण तिच्या मते डोळा थापा मारतो, कान मारत नाही. मेलेलं कुणी नव्हतं. कुणी मरू नये, एवढ्यासाठीच तर ती वाचत होती.

सर्व्हरच्या मेमरीत कधीकधी एखादा ठिपका उलटतो, शून्याचा एक होतो. मशीन ते ओळखतं, गुपचूप सरळ करतं आणि नोंद टाकतं. महिन्यातून एकदा झालं तर आत्या ढुंकूनही बघत नाही. पण त्या सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मेमरीच्या दोनशे अकराव्या ओळीत ठिपका उलटला. मंगळवारी बरोबर तीन दहालाच दोनशे बारा. बुधवारी दोनशे तेरा. रोज एक पाऊल. आत्या त्या त्या ओळीतला मजकूर दुसरीकडे हलवून ओळीला कुलूप घालत होती, आणि ते जे काय होतं ते दुसऱ्या दिवशी पुढच्या दारात उभं.

पुढच्या ओळीत कोण बसलंय ते तिने पाहिलं. दोनशे चौदामध्ये काचपेटीतल्या बाळांच्या औषधांचे आकडे होते. ते आकडे काढणारा प्रोग्राम चालू असताना जागचा हलत नाही, आणि तो किंवा मशीन रविवारशिवाय बंद करायची सोय नाही.

ती साहेबांकडे गेली.

"म्हणजे कसंय बघा," साहेब म्हणाले (त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुटतं), "दुरुस्त होतंय ना आपोआप?"

"एक ठिपका उलटला तर होतं. दोन एकदम उलटले की मशीनला एवढंच कळतं, हे नासलंय. मुळात काय होतं ते नाही कळत."

"मग?"

"मग काय करायचं ते आपण आधीच सांगून ठेवायचं असतं. तुम्ही सांगितलंय, नोंद करा आणि पुढे चला."

"म्हणजे कसंय, इस्पितळ बंद पडून नाही चालत हो!"

"कोण पाडतंय बंद? नासलेल्या ओळीला जो प्रोग्राम हात लावेल तेवढाच जागच्या जागी मारायचा. बाकी सगळं चालू. सर्व्हरच्या स्वतःच्या कामाची ओळ नासली, तरच सगळं थांबवायचं."

"आणि काही झालंच नाही तर?"

"तर मला हसा. पण चुकीचा आकडा छापला गेला आणि सिस्टरने तेवढं औषध भरलं, तर कोण हसणार?"

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बदलाच्या कागदावर सही केली.

गुरुवारी आत्या तीनलाच जाऊन बसली. पंखे एका सुरात. तीन वाजून नऊ मिनिटांनी तो सूर किंचित चढला, कुणी दार ढकलून आत आल्यावर हवा हलते तसा. दार बंद होतं. मागे वळून बघायचं नाही, हे तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"दोनशे चौदाऽऽ," ती वाचायला लागली. पुढचा शब्द 'दुरुस्त' नव्हता.

फोन खणाणला. बाळांच्या वॉर्डातली सिस्टर. "अहो मॅडम, स्क्रीन काळी झाली! आत्ता आकडा येणार होता, गेलं सगळं!"

"गेलं तेच बरं झालं. काही छापलं का?"

"कागद अर्धा बाहेर आलाय. कोराच आहे."

"मग फाडून टाका तो. वजन बघून आकडा हाताने काढा, आणि दोघींनी वेगवेगळा काढा."

वरच्या मजल्यांवर कुणाला पत्ताही लागला नाही. अकरा मिनिटांत बाळांचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर उभा राहिला. पावलं मात्र थांबली नाहीत. शुक्रवारी दोनशे पंधरा, शनिवारी सोळा.

रविवारी मशीन बंद करून आत्याने अदलाबदल केली. रॅमची, म्हणजे मेमरीची, आजारी पट्टी पार टोकाच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, तिच्या जागी धडधाकट. खोड पट्टीबरोबर गेली, तर पट्टी फेकून मोकळं व्हायचं.

"जाणारच," जेवताना मी म्हटलं. "पट्टीच खराब आहे."

"लाव पैज. ते पट्टीत नाहीये गं, जागेत आहे."

मी हरले तर तिच्या पुकारण्याची जी नक्कल मी घरभर करत फिरते ती महिनाभर बंद, असं ठरलं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. आधी नुसतीच पंख्यांची घरघर. मग सूर किंचित चढला. मग ती.

"तोच स्लॉट. नवी पट्टी. दोनशे सतराऽऽ. दुरुस्त."

त्या स्लॉटमध्ये आता काहीच बसवत नाहीत, वर चिकटपट्टी लावून ठेवलीय. आणि तो 'दुरुस्त' माझ्या घशात नुकता कुठे हुबेहूब बसला होता, तर मला अजून सव्वीस दिवस तोंड मिटून बसायचंय.