बार्मथचं गाणं आणि दुबईचं उत्तर

"वीकेंडभर दुबईचं नाव काढायचं नाही," असं शुक्रवारी इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीहून निघताना निखिलनेच ठरवलं, आणि रिंग रोड संपायच्या आत त्यानेच काढलं. दुबईची नोकरी, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार जवळजवळ दुप्पट, सोमवारी उत्तर द्यायचं. माझा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला, म्हणजे मी इथेच राहणार. नवरा परत येईल तेव्हा स्वतःचं घर घ्यायला लागणारं डिपॉझिट तयार. हे सगळं त्याने एक्सेलमध्ये दाखवलं, तेव्हा मी "बघ बाबा" एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: एम ५४ हा मोटरवे संपला की श्रूझबरी, मग वेल्शपूल. पेट्रोल तिथेच भरा. पुढे मेंढ्या, वळणं आणि सिग्नलचा एकही बार नसलेला फोन. मी तरी दर दोन मिनिटांनी स्क्रीन बघत होते. तिखटमिठाच्या पुऱ्या घाटातच संपल्या.

वेल्समधल्या बार्मथला समुद्राकाठच्या हॉलिडे पार्कमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, भाड्याने घेतली होती. ऑफ-सीझनला बी अँड बीच्या खोलीपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण चादरी आपल्या न्याव्या लागतात. ते आम्ही वाचलंच नव्हतं, त्यामुळे जॅकेटं पांघरून झोपलो. झोपलो म्हणजे निखिल झोपला.

शनिवारी खाडीवरच्या लाकडी रेल्वेपुलाच्या कडेने चालत पलीकडे गेलो. हे चुकवू नका. डोंगर, वाळू, भरतीचं पाणी, सगळं एका नजरेत मावतं. मी मात्र मनात दुबईच्या विमानाची तिकिटं बघत होते. मला फार राग येत होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं.

परत आलो तर अर्धं पार्क काउबॉय हॅट घालून फिरत होतं. कंट्री म्युझिकचा वीकेंड! आम्ही चिप्स घेऊन क्लबहाउसमध्ये बसलो. ग्लिन नावाचे आजोबा गिटार घेऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. टेकडीवरचं घर काही झालं नाही, गाडी ढकलल्याशिवाय सुरू झाली नाही, पण थंडीत तुझे पाय माझ्या पायांशी होते, मला आणखी काय हवं, असं काहीसं. समोर त्यांची बायको मार्गरेट पायाने ताल धरून बसली होती.

मग ग्लिन म्हणाले, आता जोडप्यांनी एकमेकांसाठी दोन ओळी म्हणायच्या. आणि निखिलने हात वर केला!

"आमच्याकडे लग्नात बायको नवऱ्याचं नाव यमकात घेते," त्याने इंग्रजीत जाहीर केलं. "माझी बायको एक्स्पर्ट आहे."

"गो ऑन, लव्ह!" मार्गरेट ओरडली.

घरी मी त्याला दिवसातून दहा वेळा नावाने हाका मारते, पण उखाणा म्हटलं की अजून कान तापतात. त्यातून आठवतील ते सगळे उखाणे चांदीच्या ताटाचे आणि सोन्याच्या पळीचे. त्या गाण्यानंतर ते कुठल्या तोंडाने म्हणणार? मी माइक धरला आणि आलं तसं बोलून टाकलं:

"दुबईचं सोनं राहू दे दुबईच्याच बाजारात,
निखिलराव हवेत मला भाड्याच्याच घरात."

टाळ्या पडल्या. समजलं फक्त एकाला, आणि त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"काय म्हणाली?" मार्गरेटने त्याला विचारलं.

"शी डझंट वॉन्ट द हाउस," तो हळूच म्हणाला.

"मला हवं होतं, बरं का," मार्गरेट म्हणाली. "आमच्या खोलीच्या भिंतींना ओल यायची, ती याच्या गाण्यात कधी येत नाही." आणि तिने स्टेजवरून उतरणाऱ्या ग्लिनची वाकडी हॅट सरळ केली.

रविवारी परतीच्या वाटेवर एका ट्रॅक्टरमागे अडकलो, तेव्हा निखिल बोलला. "आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू एक्सेल दाखवलंस."

त्याने गिअर बदलला आणि ट्रॅक्टरला मागे टाकलं.

सोमवारी सकाळी त्याने फोन करून दुबईला नकार कळवला. मी दाराआडून ऐकत होते. सुटल्यासारखं वाटलं. पण आता ते घर कधी होईल कोण जाणे. खर्च म्हणाल तर पेट्रोल, कॅरॅव्हॅन, चिप्स आणि एक दुबई.

तो चहा घेऊन समोर बसला. "पाच वर्षांनी तूच म्हणशील, तेव्हा जायला हवं होतंस म्हणून."

"म्हणेन की," मी म्हणाले. "पण भांडायला तू समोर असशील ना."