आधी मला कळू दे

"थांबा वो, माझं मी ऐकतो."

कुणी तिच्यासमोर कागद किंवा फोन धरून वाचायला तोंड उघडलं, की ती उजवा तळहात वर करायची आणि हे वाक्य म्हणायची. आमच्या बेळगाव भागातल्या मुली 'येतो, जातो' असंच बोलतात, तशीच ती बोलायची. त्यात राग नसायचा. फळ्यासमोर कुणी उभं राहिलं तर आपण 'जरा सरका' म्हणतो ना, तितकं सहज. तुम्ही पाहिलं असेल, न दिसणाऱ्या माणसाला मदत करताना आपल्या सगळ्यांनाच फार घाई असते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तेवढं पाळलं, तर बाकीचं सांगितलेलं ती चालवून घेईल असं वाटतं.

ती उचगावच्या शेतकरी घरातली. जन्मापासून दिसत नव्हतं. आमच्या विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. करत होती. मी निपाणीची, विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करते. तेव्हा आम्ही विद्यार्थी आणि कर्मचारी अशा सगळ्यांसाठी एक मोबाईल ॲप तयार करत होतो. वेळापत्रक, हजेरी, सूचना, निकाल, सगळं कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. ते कुणालाही वापरता यावं म्हणून आम्ही तऱ्हेतऱ्हेच्या लोकांच्या हातात देऊन बघत होतो. निवृत्तीला आलेल्या एका क्लार्कनी अक्षरं इतकी मोठी केली, की 'पुढे' हे बटणच पडद्याबाहेर गेलं. ऐकू न येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सूचनेच्या व्हिडिओत काय बोलतात ते खाली लिहिलं का नाही?" खानापूरकडच्या मुलांकडे तर रेंजच नसायची. आणि एके दिवशी ही आली.

तिच्या फोनवर बोट जिथे टेकेल तिथलं फोन बोलून दाखवायचा, तोही इतक्या वेगात की आम्हाला नुसती गुणगुण ऐकू यायची. तिने आमचं ॲप उघडलं. पहिल्या पानावर आम्ही छान छान चित्रांची बटणं केली होती, पण त्यांना नावं द्यायची राहिली होती. फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन. बटन."

ती हसायला लागली. "आक्का, शर्टाचं दुकान हाय काय हे?"

मला आक्का म्हणायला तिने त्या दिवसापासूनच सुरुवात केली.

नावं दिली, तर दुसरी गंमत. फोनमधला आवाज हिंदी वळणाचा. तो 'वेळापत्रक'चं 'वेलापत्रक' करायचा. "पाव्हणा हिकडचा न्हाय," ती म्हणायची आणि शांतपणे पुढच्या ओळीवर बोट न्यायची. ते बोट काचेवरून फिरताना बघत बसायचा मला नादच लागला. कुठे थांबतं, कुठे मागे येतं, कुठे नुसतं घसरून जातं, यावरून आमचं काय चुकलंय ते कळायचं.

सगळं जमत आलं आणि निकालाच्या पानावर अडलं. परीक्षा विभाग गुणपत्रिका स्कॅन करून पाठवायचा. म्हणजे ते एक चित्रच. फोनला त्यातलं काही नीट वाचता येत नव्हतं.

आमचे विभागप्रमुख सर तसे समंजस. पण ॲप सुरू करायची तारीख डोक्यावर होती. ते म्हणाले, "एवढं एकच पान आहे. मैत्रिणी असतात, घरचे असतात. कुणीही वाचून दाखवेल की तिला."

ती तिथेच बसली होती.

"सर, माझा दहावीचा निकाल सांगू?" ती म्हणाली. "अंगनात सगळे जमलेले. अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, फोनवर बघितलं आन् गप्प झाला. मग काका म्हनले, असू दे. आई रडायला लागली. शेजारची म्हनली, पोरीनं तरी किती करायचं? मी मधी बसलोय. मला कायच म्हाईत न्हाय. लई वेळानं अण्णा म्हनला, पास हाईस गं, गणितात काठावर. माझा निकाल वो सर, आन् सगळ्यांच्या शेवटी मला कळला."

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"नापास झालो तरी चालंल," ती म्हणाली. "पन आधी मला कळू दे. मग रडायचं का भजी खायची, ते मी ठरवीन."

सरांनी लगेच हो म्हटलं नाही. परीक्षा विभागाला वेगळ्या रूपात गुण द्यायला लावणं किती अवघड आहे, ते त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनेही नीट ऐकून घेतलं. पण दुपारी ते स्वतः परीक्षा विभागात गेले, पुन्हा पुन्हा गेले, आणि ॲपची तारीख पुढे ढकलली. मी निकालाचं पान नव्याने बांधलं. प्रत्येक आकड्याआधी विषयाचं नाव यायचं. तिने आणखी एक अट घातली. "पान उघडल्या उघडल्या बडबडू नको म्हनावं त्याला. मी बोट ठेवल्यावरच सांगू दे." म्हणून गुण झाकलेलेच ठेवले. ते सगळ्याच मुलांना आवडलं. घरोघरी निकाल बघायला फोनवर वाकणारी डोकी असतातच.

पुढे तिच्या सत्राचा निकाल लागला. तिला न्यायला अण्णा उचगावहून मोटरसायकल घेऊन आला होता. ती कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसली, कानात इअरफोन घातले. अण्णा आणि मी थोडं लांब उभे. तिचं बोट वरून खाली गेलं. परत वर आलं. पुन्हा खाली गेलं. मग तिने इअरफोन काढून गुंडाळले आणि फोन पर्समध्ये टाकला.

"काय झालं गं?" अण्णाने विचारलं.

"च्या सांग की."

"अगं, निकाल!"

"कळला मला."

"मग?"

"मग काय? सांगतो की. आज न्हाय."

आजवर तिचा प्रत्येक निकाल त्यानेच वाचला होता. आता हात कुठे ठेवावेत तेही त्याला सुचत नव्हतं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्याडम, तुमास्नी आत दिसत असंल की."

दिसत होतं. माझ्या टेबलावरच्या संगणकावर तिचा क्रमांक टाकायचा अवकाश होता. उत्सुकता तर इतकी होती, की हातातला चहा तसाच निवला.

"दिसतं," मी म्हणाले. "पण बघायचं न्हाय."

मी बघितलं नाही. पुढे तिचं एम.ए. झालं, ती हुबळीला नोकरीला गेली. आमच्या खोलीत तिची खुर्ची आता कुणीही ओढून घेतं. फोनवर कधी बोलणं होतं. त्या दिवशी काय लागलं होतं, ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

त्या दुपारी दोघं निघाले ते मात्र डोळ्यांसमोर आहे. ती मागे बसलेली, ओढणी नीट आवरून घेतलेली, चेहरा वाऱ्याकडे. अण्णाला राहवत नव्हतं. फाटकापर्यंत जाईस्तोवर तो सारखा मान वळवून तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत होता, आणि गाडी उगाच डावी-उजवीकडे जात होती. शेवटी तिने त्याच्या हेल्मेटवर बोटांनी टकटक केलं.

"अण्णा," ती म्हणाली, "म्होरं बघ की!"