भुकेचे थेंब

तुमच्या लेकराला कोणी काखेत हात घालून उचललं आणि चारचौघांत म्हटलं, "हे तं नुसता कापूस हाय!" तर तुम्ही काय कराल? रागावाल, की धावत औषधाच्या दुकानात जाल?

गोंडपिपरीच्या बाजारात फुटाणे विकणारी आमच्या वस्तीतली बाई प्रत्येक लेकरू असंच उचलून पाहायची. अंगाने भरलेलं असलं की म्हणायची, "दगड हाय दगड! उतर खाली, माही कंबर मोडली."

तिची स्वतःची नात मात्र गोवरानंतर कापूस झाली होती. आई-बाप बल्लारपूरला कामाला, पोरगी आजीजवळ. घास पुढे केला की तोंड फिरवायची. एका डॉक्टरांनी भुकेचे थेंब लिहून दिले, आणि पोरगी खरंच जेवायला लागली! गाल भरले, दंड भरले. बाई ती बाटली कमरेच्या पिशवीत घेऊन फिरू लागली. फुटाणे घ्यायला आलेल्या आयांना दाखवायची, "तुह्या पोराले बी घे."

आमचं आरोग्य मंडळ तेव्हा अशाच औषधांच्या धोक्यांची पत्रकं गावोगाव वाटायचं. मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि हादरले. ते भुकेचं औषध नव्हतंच. पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनसारखं, कारखान्यात बनवलेलं ते स्टेरॉइड होतं. त्याचे खरे उपयोग आहेत. शरीरात रक्त बनणं बंद झालेल्या किंवा मोठ्या आजाराने झिजलेल्या रोग्याला डॉक्टर ते तपासण्या करत देतात. पण लेकराला भूक लागावी म्हणून? त्याने मुलीचा आवाज जाड होतो, ओठावर लव येते, यकृत बिघडू शकतं. हाडं वेळेआधी पक्की होऊन वाढायची थांबतात आणि उंची कायमची खुंटू शकते.

मी बाईला पत्रक वाचून दाखवलं.

"तुले लेकरू नाई, पोरी," ती म्हणाली. "कागद खाऊन कोणी मोठं झालं काय?"

तिने पत्रकाची पुडी केली, फुटाणे भरले आणि माझ्याच हातात दिली. मी चिडून सगळे फुटाणे खाल्ले.

मग पौर्णिमेला विहारात लेकरं वंदना म्हणत होती. त्या कोवळ्या आवाजांत एक घोगरा सूर उमटला. "पोरांत कोणता बुढा बसला बे?" मागून कोणी म्हटलं. सगळे हसले, बाईही हसली. मग तिने वाकून पाहिलं. सूर तिच्या नातीचा होता. तिने पोरीचं तोंड दिव्याकडे वळवलं, वरच्या ओठावरून अंगठा फिरवला. वंदना संपायच्या आत ती पोरीला कडेवर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"तुहा तो कागद अजून हाय काय? वाच. हळू वाच."

चंद्रपूरच्या दवाखान्यात हाडांची वाढ पाहायला पोरीच्या हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई तो उजेडात धरून पाहत राहिल्या, आणि बाई त्यांच्या तोंडाकडे.

"हाडं अजून वाढताहेत. थेंब आजपासून बंद. वेळेत आलात. लव जाईल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही."

बाई तिथेच फरशीवर बसली. "वाढते म्हनते ना? मंग जाड बोलू दे तिले." पिशवीतून मूठभर फुटाणे काढून तिने डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवले.

परतल्यावर ती घरोघर गेली. "माह्या सांगन्यावरून घेतलं ना? मंग माह्या सांगन्यावरूनच फेक." औषधाच्या दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, तुह्या पोरीले पाजून दाखव, मंग इक." त्याने बाटल्या मागच्या फळीवर सरकवल्या. मागच्या फळीवर! फळी बदलली की औषध बदलतं का?

गेल्या हिवाळ्यात बाई गेली. नात तोवर तिच्या खांद्याच्या वर गेली होती. आवाज थोडा जाडच राहिला. विहारात आता वंदना तीच सांगते. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते. बल्लारपूरहून परतलेली आई आता बाजारात फुटाणे विकते; तिच्यासोबत बसली की नात येणारी लेकरं उचलून पाहते. एखादं कापूस वाटलं तर त्याच्या आईला म्हणते, "दवाखान्यात दाखव. अन् घरी वरन-भात दे, अंडं दे."

तुमच्या घरी भुकेच्या थेंबांची बाटली असेल, तर आत्ता उठा आणि तिच्यावरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. ती बाटली घेऊन डॉक्टरांसमोर जा आणि बाईसारखं तोंडावर विचारा: हे कायचं हाय, अन् माह्या लेकराले काऊन?